हाडं खरी की दप्तर?

खापरतुकडा: अमेरिकेत मेरीलँडला लेव्ही नेक म्हणून जागा आहे. तिथल्या १७व्या शतकातल्या घराच्या तळघरात, राख नि कचऱ्याखाली पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा सांगाडा निघाला. खड्डा इतका आखूड की देह अक्षरशः कोंबलेला. वर दुधाच्या पसरट मातीच्या भांड्याचा तुकडा; बहुधा त्यानेच खड्डा उकरला. जवळ १६६४ चं नाणं. स्मिथसोनियन संग्रहालयाचे हाडांचे तज्ज्ञ डग्लस ओस्ली यांनी हाडं तपासली. कणा ओझ्याने खचलेला, दात किडलेले, क्षयाच्या खुणा, मनगट मरणाच्या थोडंच आधी मोडलेलं, बहुधा मार अडवताना. गहू आणि मका हाडांत कार्बनची वेगवेगळी खूण सोडतात; त्यावरून कळतं की पोरगा युरोपातल्या गव्हावर वाढला, अमेरिकेतल्या मक्यावर नाही. म्हणजे युरोपातून नुकताच आलेला, करारावरचा नोकर असणार. दप्तरात याची ओळसुद्धा नाही. लिहिणारा मालकच असेल तर मी हाडांवर विश्वास ठेवेन.

भाकरतुकडा: अवांतर: ज्वारी-बाजरीसुद्धा या हिशेबात मक्याच्याच गटात. भाकरीवर वाढलेला देशावरचा माणूस आणि भातावर वाढलेला कोकणी माणूस हाडांवरून वेगळे काढता येतील!

जुनं_दप्तर: खापरतुकडा, जरा दमानं घ्या. मनगट मार अडवताना मोडलं की पडून, हे हाड कुठे सांगतं? शेजारच्या व्हर्जिनियात १६६२ ला नोकरांना गुपचूप पुरण्यावर बंदी आणणारा कायदा झाला, म्हणून तुम्हाआम्हाला इथे संशय येतो. तो कायदा कागदावरच मिळाला ना? मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांचं, म्हणजे करारावरच्या मजुरांचं बघा. नाव, बापाचं नाव, गाव, पुढे पुढे फोटोसुद्धा. कोकणातून गेलेल्यांच्या नातवंडा-पणतवंडांना मूळ गाव सापडतं ते त्या रजिस्टरांतून. हाडातून गावाचं नाव निघत नाही.

खापरतुकडा: कायद्याचं मान्य. पण त्याच रजिस्टरात उंची आणि अंगावरचे व्रणही लिहिलेत. ते कशाला? माणूस पळाला तर ओळखता यावा म्हणून. पाठ किती खचली याचा रकाना कुठाय?

सुईदोरा: दोघांचंही पटत नाही. २००९ ला वॉशिंग्टनच्या प्रदर्शनात हा पोरगा मांडला. मालकाने कचऱ्यात दडवला, आपण काचेआड ठेवला. तपासणी झाली की पुरायला काय हरकत होती?

जुनं_दप्तर: पुरा की. पण दगडावर नाव काय कोरणार?

सुईदोरा: कोरा ठेवा. मातीत तरी जाईल.

खापरतुकडा: आणि पन्नास वर्षांनी नवी चाचणी निघाली तर? परत उकरायचं?