हमिंगबर्डसाठी यंदाची लागवड : आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

ताई (एडिसन, न्यू जर्सी):
सर्वांना नमस्कार. अप्पांच्या नियमाप्रमाणे देवनागरीत आणि पूर्ण वाक्यांत लिहिते आहे, तेव्हा निरोप लांबला तर तो दोष त्यांचा. अर्धा एप्रिल सरला असून मागच्या अंगणातील वाफ्यांचे या आठवड्यात ठरवायचे आहे. गेल्या वर्षी रोपवाटिकेत जे लाल दिसले ते मी उचलून आणले. परिणामी जूनमध्ये अंगण भरून गेले आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे हमिंगबर्डची पिल्ले उडू लागून पाहुणे वाढतात नेमके तेव्हा, एकही उपयोगाचे फूल शिल्लक राहिले नाही. यंदा एप्रिलअखेरपासून सप्टेंबरपर्यंत काही ना काही फुललेले असावे, आणि त्यासाठी भाजीची जागा घालवावी लागू नये, असा विचार आहे. आपापले अनुभव कळवावेत.

काकू (पुणे):
आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवरही रोज सकाळी एक हमिंगबर्ड येतो, निळा-जांभळा, चकाकणारा आणि बाकदार चोचीचा. त्याच्यासाठी वाटीत गुळाचे पाणी ठेवावे असे माझ्या मनात आहे. तूही तेच का ठेवत नाहीस? एवढी खटपट वाचेल.

अप्पा (सांगली):
वहिनी, आपल्याकडे येतो तो शिंजीर. हमिंगबर्ड केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेत आढळतात, भारतात त्यांची एकही जात नाही. दोघांचे कूळही वेगळे आहे. फुलातला मध पिण्याचा उद्योग एकच असल्याने चोची तेवढ्या सारख्या लांबट झाल्या. आपला शिंजीर बहुतेक वेळा देठाला किंवा फांदीला धरून बसतो आणि मग चोच घालतो. हमिंगबर्ड मात्र हवेत एका जागी थांबून पितो आणि काम झाले की चक्क मागच्या मागे उडतो.

ताई:
काकू, गूळ मुळीच नको. गुळात आणि तपकिरी साखरेत असलेले लोह या पक्ष्यांना बाधते, मधाचे पाणी लवकर आंबते आणि त्यात बुरशी धरते. साधी पांढरी साखर एक वाटी आणि पाणी चार वाट्या, एवढेच प्रमाण ठेवायचे आणि लाल रंग घालायचा नाही. उन्हाळ्यात ते पाणी दोन-तीन दिवसांनी बदलून भांडे घासावे लागते, आणि खरे सांगायचे तर याच कामाचा मला कंटाळा येतो. शिवाय पिल्लांना नुसत्या साखरेवर वाढवता येत नाही, त्यांना बारीक किडे आणि कोळी लागतात, आणि ते झाडांवरच मिळतात. म्हणून माझा भर फुलांवर आहे.

आमच्याकडे वीण करणारी जात एकच, रुबी-थ्रोटेड. वजन जेमतेम ३ ग्रॅम, म्हणजे इथल्या एका सेंटच्या नाण्याहून किंचित जास्त. हिवाळा मध्य अमेरिकेकडे काढून हे पक्षी परत येतात तेव्हा त्यांतील कित्येक मेक्सिकोचे आखात, सुमारे ८०० किलोमीटर, न थांबता ओलांडतात. नराचा गळा सावलीत काळा दिसतो. गेल्या वर्षी तो कुंपणाच्या तारेवर बसला होता आणि मला वाटले साधाच पक्षी आहे, पण त्याने मान वळवताच गळ्यावर निखारा पेटल्यासारखा लाल रंग उमटला आणि पुन्हा मान फिरवताच विझला.

छोटू (सॅन होजे, कॅलिफोर्निया):
ताई, आमच्याकडील अ‍ॅनाज हमिंगबर्ड बारा महिने इथेच असतो, त्यामुळे डिसेंबरातही त्याची भांडणे पाहायला मिळतात. तुझा हंगाम पाच महिन्यांचा असल्याने क्रम लावणे तुलाच अधिक गरजेचे आहे. एप्रिलअखेर काय फुलते आणि भाजी कोणती, हे दोन मुद्दे स्पष्ट कर.

ताई:
एप्रिल-मेसाठी इथली रानटी कोलंबाइन आहे. लाल-पिवळी, घंटेसारखी खाली झुकलेली फुले येतात आणि पक्षी पोहोचतात त्याच सुमारास ती उमलतात. गेल्या शरद ऋतूत मेपलखालच्या अर्ध्या सावलीत लावलेल्या रोपांना आता कळ्या आल्या आहेत. कुंपणावर इथला मूळचा लाल हनीसकल चढवणार आहे. रोप घेताना मात्र नाव नीट वाचावे लागते, कारण पांढरी-पिवळी फुले येणारा जपानी हनीसकल इथे रानभर माजला आहे. जून-जुलैसाठी ‘बी बाम’ नावाचे लाल झुपकेदार फुलांचे झाड. त्याच्या पानांवर भुरी फार पडते, म्हणून रोपे दाटीने न लावता वारा खेळेल इतके अंतर ठेवणार आहे. छपराची पन्हळ जिथे रिकामी होते तिथली माती सदैव ओली असते, तिथे ऑगस्टसाठी लालभडक फुलांचे कार्डिनल फ्लॉवर लावेन. त्या झाडाला पाय ओलेच लागतात.

त्याच ओल्या कोपऱ्यात न लावता उगवणारे एक झाड आहे, ज्युएलवीड. मी दोन वर्षे ते तण समजून उपटत होते! ते आपल्या गौरीच्या तेरड्याच्याच वंशातले आहे. नारिंगी ठिपकेदार फूल, आणि पिकलेल्या शेंगेला बोट लावताच ती तेरड्यासारखीच फटकन फुटून बी उडते. ऐन भाद्रपदात ते बहरात असते आणि दक्षिणेकडे निघालेले हमिंगबर्ड त्यावर तुटून पडतात. यंदा त्याला हात लावणार नाही.

भाजी म्हणजे लाल फुलांचा वेलीवरचा घेवडा, इथे त्याला स्कार्लेट रनर बीन म्हणतात. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या थंड डोंगराळ भागातला, त्यामुळे हमिंगबर्डशी त्याची जुनी ओळख आहे. आठ-नऊ फुटांच्या बांबूंचा मांडव करून दोन्ही बाजूंनी बी टोकायचे. त्याची खोड एकच, कडक उन्हाळ्यात फुले भरपूर येतात पण शेंग धरत नाही आणि फुले गळतात. पाऱ्याने ९० अंश फॅरेनहाइट ओलांडले की मी शेंगांची आशा सोडते. सप्टेंबरात हवा उतरली की मग टोपलीभर मिळतात. पक्ष्यांना त्याचे काही वाटत नाही, त्यांना फूल पुरते.

काकू:
मग तो आताच का लावत नाहीस? इथे आमचा पाडवा कधीच झाला.

ताई:
काकू, गेल्या वर्षी हीच घाई नडली. एप्रिलच्या शेवटी चार दिवस चांगले ऊन पडले म्हणून घेवडा टोकला आणि टोमॅटोची सहा रोपेही लावली. मेच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री हिमकण पडले आणि सकाळी टोमॅटोची पाने उकडलेल्या पालकासारखी काळपट, लोंबती झाली होती. इथले जुने लोक मे महिन्याचा दुसरा रविवार, म्हणजे मदर्स डे, उलटल्याशिवाय अशी नाजूक रोपे बाहेर लावत नाहीत. यंदा मीही तेच करणार आहे.

अप्पा:
जास्वंद आणि झेंडूचे काय ठरले?

ताई:
जास्वंद कुंडीत आहे. ती एकेरी पाकळीचीच घेतली, कारण भरगच्च दुहेरी फुलात मध कमी आणि वाटही बंद. थंडीत ती घरात घ्यावी लागते. झेंडू देवासाठी लावणारच, पण त्याच्याकडे हे पक्षी फारसे फिरकत नाहीत. फवारणीची मात्र काळजी वाटते. आमच्या वसाहतीची देखभाल करणाऱ्यांनी गेल्या जुलैमध्ये न कळवता डासांसाठी फवारा मारला आणि आठवडाभर बी बामवर एक भुंगाही दिसला नाही. यंदा आमच्या घराची बाजू वगळावी असे पत्र मी आधीच दिले आहे. रोपे घेतानाही त्यांना कोणते कीटकनाशक दिले आहे हे विचारून घेते.

काकू:
आम्ही जूनमध्ये येतोच आहोत. आपल्याकडच्या घेवड्याचे आणि तेरड्याचे थोडे बी बॅगेत टाकून आणू का?

ताई:
कृपा करून आणू नका. बियांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते आणि विमानतळावर ते नसेल तर पुडी काढून घेतात, वर तासभर उभे राहावे लागते ते वेगळेच. त्या जागेत गोडा मसाला आणा. जून म्हणजे घेवड्याचा वेल कमरेएवढा झालेला असेल, तो मांडवावर चढवायला काकांची मदत लागणार आहे.