३० सप्टेंबरचा पट: एकही मूल मोजणीतून सुटू नये म्हणून काय करता?

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मिळणार ते, ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि आधार जुळलं नाही तर वर्गात बसलेलं मूलही मोजणीत अडकतं. कोकणातल्या वाडीशाळेला ते परवडत नाही. कामाला आलेले उपाय लिहा.

मुख्याध्यापक, राजापूर तालुका
शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३. पट या आकड्यांच्या काठावर असेल तर एका मुलावर पद जातं. जूनमध्येच जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही), जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख, लिंग तपासा. बहुतेक घोळ इंग्रजी स्पेलिंगचा असतो, नाहीतर आधारवर वडिलांचं नाव नसतं. आधी जन्मदाखला बरोबर करून घ्या, मग त्यावरून आधार. आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते, त्यामुळे घाई नको. आणि आधारशी जुळावं म्हणून रजिस्टरमध्ये खाडाखोड कधीही करू नका!

उपशिक्षिका, गुहागर
मूल पाच वर्षांचं झालं की आधारसाठी त्याचे बोटांचे ठसे द्यावे लागतात. पहिलीतली निम्मी अडचण तिथेच. आईवडील मुंबईला, मूल आजीकडे, आधार केंद्र तालुक्याला. चाकरमानी गणपतीला येतात तेवढेच दिवस हातात असतात. यादी श्रावणातच तयार ठेवा, कुणाचा कोणता कागद कमी आहे तेही त्यात लिहा.

लिपिक, माध्यमिक शाळा, देवगड
आठवीला आलेल्या मुलाचा दाखला कागदावर येतो, पण आधीच्या शाळेने ते मूल यू-डायसवरून (शाळांच्या ऑनलाइन नोंदणीवरून) सोडलेलं नसतं. मग ते आपल्याकडे दिसतच नाही. जुलै संपायच्या आत फोन करून सोडवून घ्या. मे महिन्यात मुंबईला गेलेल्यांचं तसंच, फक्त तिथे सोडायचं काम आपलं.

@देवगड, एक भर: आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं आधार नाही म्हणून परत पाठवू नका. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, कायद्याचं कलम १४. वयानुरूप वर्गात घ्या. पद मिळो न मिळो, मूल शाळेत हवं.

केंद्रप्रमुख, संगमेश्वर
मंजूर पद म्हणजे शिक्षक नव्हे. आंतरजिल्हा बदलीत घाटावरचे शिक्षक कार्यमुक्त झाले की पद रिक्तच राहतं, शेजारच्या शाळेतला शिक्षक कामगिरीवर, म्हणजे तात्पुरता, येतो आणि ती शाळा एकशिक्षकी होते. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात पद रिक्त झाल्याची तारीख, इयत्ता आणि पट लिहा. ‘शिक्षक द्यावा’ एवढ्याच ओळीचा अर्ज मागे पडतो.