मदत हवी आहे: गाडीवर लोक बसतात, काय करावं? (नागपूर, तातडीचं)

लाल_टप
नमस्कार. माझी गाडी जिथे उभी करीन तिथे पाच मिनिटांत माणसं जमतात. फोटो काढा बाप्पा, त्याचं काही नाही. पण लोक टेकतात, हँडल ओढून पाहतात, पोरांना वर बसवतात. परवा संध्याकाळी धरमपेठेत औषध घ्यायला गेलो. परत येतो तर एक काका नातवाला बॉनेटवर बसवून "हस ना रे, हस ना" करून राहिले होते. मला पाहून म्हणतात, "तुमची का? मग जरा लाईट लावा ना, फोटो चांगला येईल." घरी येऊन पाहिलं तर बॉनेटला तडा.
येत्या रविवारी महाल भागात सासूबाईंच्या पंचाहत्तरीला हीच गाडी न्यायची आहे. तिथल्या गल्ल्या माहीतच आहेत. काय करू? कव्हर सांगू नका, करून झालं, लोक कव्हर उचलून पाहतात. लवकर सांगा.

झिरोमाईल
गाडी कोणती ते लिहा ना आधी.

तर्री_जास्त
पोर्शे-बिर्शे असेल तर ड्रायव्हर ठेवा. ज्याला ती परवडते त्याला ड्रायव्हर परवडतो. गोष्ट संपली.

लाल_टप
पोर्शे नाही जी. माझ्या गाडीच्या किमतीत आजची नवी हॅचबॅकसुद्धा येणार नाही. आणि प्रश्न गाडीचा नाही, लोकांचा आहे.

खामल्याचा_बंडू
बॉनेटला तडा कसा जाईल? डेंट म्हणायचं असेल. पत्रा दबतो, तडकत नाही. कोणताही डेंटिंगवाला आतून ठोकून अर्ध्या तासात काढून देतो.

लाल_टप
पत्रा नाहीच आहे. फायबर आहे. ठोकलं तर उरलीसुरलीही जाईल.

गॅरेजमामा
थांबा थांबा. लाल, फायबर, किंमत कमी, गर्दी जास्त. दोन सीट का? सॅन स्टॉर्म आहे का भाऊ?

लाल_टप
हो. मला वाटलं "टप" वरून कळेल.

गॅरेजमामा
नाही कळलं. असो, बाकीच्यांसाठी लिहितो. गोव्याच्या सॅन मोटर्सची टू-सीटर, १९९० च्या दशकाच्या अखेरची. आत रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. दिसायला चित्ता, पळायला घरची गाय. पण गाय गुणी आहे.

लाल_टप
अगदी. शंकरनगर चौकात रोज कोणी ना कोणी शेजारी येऊन गुरगुर करतो. हिरवा पडला की मी आपला आरामात निघतो. त्याला वाटतं मी माज करून राहिलो. ती तेवढीच जाते हो!
आता रविवारचं सांगा.

सदरवाला
काचांना काळी फिल्म लावा. आत काय आहे ते दिसलं नाही की कोणी थांबत नाही. स्वानुभव.

झिरोमाईल
सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच काळ्या फिल्मवर बंदी घातली आहे. चलान फाटेल.

सदरवाला
माझं अजून फाटलं नाही.

झिरोमाईल
फाटलं नाही म्हणजे कायदेशीर झालं का? आणि फिल्म काचेला लावणार, लोक बसतात बॉनेटवर. यांच्या तड्याचा आणि काचेचा संबंध काय?

वकील_नाही_पण
एक महत्त्वाचं कोणी सांगितलं नाही. गाडी गोव्याची आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. आधी एनओसी आणा. शिवाय १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, तेही पाच-पाच वर्षांचंच.

लाल_टप
गाडी गोव्यात *बनली* जी. पासिंग पहिल्या दिवसापासून एमएच ३१ आहे. नूतनीकरणही झालंय. हे विचारलं कोणी?

अंबाझरी_आजोबा
व्हिंटेजचा व्हीए नंबर घेऊन टाका, पाटी पाहून लोक मान देतात.

वकील_नाही_पण
आजोबा, त्याला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते. २०२१ चा नियम आहे.

अंबाझरी_आजोबा
मग थांबा थोडं.

कोथरूडकर
कमाल आहे. आमच्याकडे पुण्यात लोक लांबून बघतात, हात लावत नाहीत. संस्काराचा भाग असतो.

तर्री_जास्त
हात कशाला लावतील, मालक घरात घेत नाही तर गाडीला काय हात लावू देणार! आमच्या इथे लोक मोकळे आहेत, म्हणून टेकतात.

(यानंतरचे नऊ प्रतिसाद पुणे विरुद्ध नागपूर असल्याने उडवले आहेत. – संपादक)

विमा_ताई
दादा, क्लेम करायच्या आधी हिशेब करा. पॉलिसीत फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतात, रबर-प्लॅस्टिकवर ५०. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) सहसा मिळत नाही. छोट्या तड्यासाठी नो क्लेम बोनस घालवू नका.

खामल्याचा_बंडू
एम-सील भरा, वरून लाल रंग. पन्नास रुपयांत काम.

गॅरेजमामा
अबे नाही! एम-सील किंवा पुटी वरून भरली की दोन महिन्यांत गाडीच्या थरथरीने तीच रेघ परत उमटते. आधी बॉनेट उघडून खालून टॉर्च मारा. वरचा जेलकोटच, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थरच तडकला असेल तर काळजी नाही. आतली मॅट (काचतंतूंचा थर) फाटली असेल तर खालून घासून, चॉप्ड मॅट आणि पॉलिएस्टर रेझिनचे दोन-तीन थर द्यावे लागतात. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. नाण्याने टकटक करून पाहा, आवाज बद्द आला तर थर सुटलाय. आणि हे मेचं ऊन आहे, हार्डनर जरा कमीच टाकायला सांगा, नाहीतर डब्यातच घट्ट होऊन बसतं.
गॅरेजमध्ये नेऊ नका. चितार ओळीत जा, देखावे-मूर्तींचं फायबरकाम करणारे आहेत. त्यांचा हात बसलेला असतो.

लाल_टप
मामा, या धाग्यावरचं पहिलं कामाचं उत्तर. टॉर्च मारली, आत मॅट ठीक आहे. रविवारचं मात्र अजून तसंच.

फुटाळ्याची_वहिनी
गाडी नेऊच नका ना महालात. सकाळी सहाला सासूबाईंना बसवून सिव्हिल लाईन्स, सेमिनरी हिल्स फिरवून आणा. रस्ते रिकामे असतात, ऊनही नसतं. हॉलवर रिक्षाने जा. उत्सवमूर्तीची हौस झाली की झालं!

लाल_टप
वहिनी, हौस सासूबाईंची नाहीच. त्या म्हणतात ती बुटकी गाडी नको, उतरताना गुडघे बोलतात. हट्ट सासऱ्यांचा आहे. "हॉलसमोर लागली पाहिजे, लोकांनी पाहिलं पाहिजे."

झिरोमाईल
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

तर्री_जास्त
मग सासऱ्यांनाच राखणीला बसवा.

लाल_टप (सोमवार)
अपडेट. तर्री_जास्त यांनी गमतीत लिहिलं असेल, पण तसंच झालं. सासूबाई माझ्या शेजारी, सासरे मागून ई-रिक्षात. हॉलसमोर गाडी लावली आणि त्यांनी आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणवली. दोन तास तिथेच. जेवणाचं ताट बाहेर, पुडाच्या वडीही बाहेर. कोणी टेकलं की छत्रीची मूठ पुढे. प्रत्येकाला बॉनेट उघडून इंजिन दाखवत होते आणि किंमत दर वेळी वेगळी सांगत होते. मी आत गेलो तेव्हा सात लाख होती, बाहेर आलो तेव्हा पस्तीस. औक्षणाला तीनदा बोलावणं गेलं, चौथ्यांदा सासूबाई स्वतः बाहेर आल्या तेव्हा उठले.
तडा वाढला नाही. आज चितार ओळीत काम झालं. जुना लाल उन्हाने उडालाय, त्यामुळे नवा पट्टा टिकलीसारखा दिसून राहिला. पॉलिशने जमेल का मामा?

गॅरेजमामा
पट्ट्याला नाही, उरलेल्या गाडीला रबिंग करा. खालून जुना रंग वर येईल.

सदरवाला
तो फायबरवाला गणपतीच्या कमानीचं काम घेतो का? आमच्या मंडळाला हवंय. व्यक्तिगत निरोप करा.