चाळिशीनंतर स्कीवर ३६० अंशांची गिरकी शिकता येते का?

प्रश्नकर्ता

माझे वय एक्केचाळीस आहे. गेले सहा हिवाळे मी स्कीइंग करीत आहे आणि तीव्र उतारांवरूनही समांतर वळणे घेत, फारसे न घाबरता खाली येतो. या वर्षी टेरेन पार्कमधल्या (उड्या आणि कसरतींसाठी राखलेल्या उतारावरच्या) सर्वांत लहान जंपवर ३६० अंशांची गिरकी घेण्याचा तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा पाऊण गिरकी झाली, स्की उताराला आडव्या असतानाच बर्फाला टेकल्या आणि मी कुशीवर आपटलो. नवल असे की ट्रॅम्पोलिनवर हीच गिरकी मला दहापैकी नऊ वेळा जमते. माझे नेमके काय चुकते आहे, की या वयात हा नाद सोडलेलाच बरा?

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नातले ट्रॅम्पोलिनचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. तिथे तुमच्या शरीराच्या अक्षापासून फार लांब असे काहीच नसते. पायांत पावणेदोन मीटर लांबीच्या स्की अडकवल्या की तेच शरीर फिरवायला कितीतरी अधिक रेटा लागतो, आणि हवेत हात छातीशी घेतले तरी वेग तितकासा वाढत नाही, कारण स्की काही आत ओढून घेता येत नाहीत. त्यामुळे गिरकीचा सगळा रेटा जंपच्या कडेवर, स्की बर्फाला टेकलेल्या असतानाच मिळवावा लागतो.

डावीकडे फिरायचे असेल तर चढणीवर येताना खांदे थोडे उजवीकडे वळवून ठेवावेत, गुडघे वाकलेले आणि स्की सपाट असाव्यात. कडेवर पोहोचताच दोन्ही पायांनी सरळ वर उडी घ्यावी आणि त्याच क्षणी खांदे डावीकडे सोडावेत. इथे बहुतेक प्रौढ स्कीची धार बर्फात रोवून वळायला जातात, कारण इतकी वर्षे त्यांनी तेच घोटलेले असते. नवशिक्याने लहान जंपवर धार रोवली की अक्ष कलतो आणि माणूस तिरका पडतो. नजर डाव्या खांद्यावरून मागे जात राहिली पाहिजे. अर्ध्यात मान खाली घालून बर्फ शोधायला गेलात की खांदे अडतात, आणि तुमची पाऊण गिरकी बहुधा तिथेच अडकते.

तरीही तुमच्या जागी मी असतो तर ३६० तूर्त बाजूला ठेवले असते. आधी स्विच, म्हणजे उलटे स्कीइंग, सोप्या उतारावर अंगवळणी पाडावे आणि मग १८० घ्यावी. ज्याला उलटे उतरता येते, त्याची गिरकी मंदावली तरी तो ती १८० वर थांबवून निघून जातो; ज्याला येत नाही, त्याला पूर्ण फिरण्यावाचून गत्यंतरच उरत नाही.

प्रतिसाद २

वरील सर्व मान्य आहे, पण वेगाचा मुद्दा राहून गेला. मोठ्या वयात माणूस भीतीपोटी वेग कमी ठेवतो आणि टेबलटॉप जंपवर नेमके तेच अंगाशी येते. अशा जंपचा मधला भाग सपाट असतो आणि त्यापलीकडे उतरण असते. उतरणीवर पडलात तर तुमची गती उताराच्या दिशेने पुढे निघून जाते. अलीकडे सपाटीवर पडलात तर तोच धक्का गुडघ्यांवर येतो, आणि त्यात वजन मागे गेलेले असेल तर गुडघ्यातल्या पुढच्या क्रूशिएट लिगामेंटला (हाडे जोडून ठेवणाऱ्या बंधाला) इजा होण्याची भीती असते. म्हणून पहिल्या फेरीत जंपच्या बाजूने जाऊन उतरण पाहून यावी, मग सरळ उड्या घेऊन वेगाचा अंदाज बांधावा आणि त्यानंतरच फिरण्याचा विचार करावा. दुपारी बर्फ ओला झाला की तोच उतार तुम्हाला हळू नेतो, त्यामुळे सकाळचा अंदाज दुपारी वापरू नये.

प्रतिसाद ३

साहित्याविषयी थोडेसे. स्की दोन्ही टोकांना वर वळलेल्या, म्हणजे ट्विन टिप, आहेत ना? १९९८ साली सॅलोमनची १०८० ही स्की आल्यावर उलटे उतरणे सर्वसामान्य स्कीपटूच्या आवाक्यात आले. मागचे टोक सपाट असेल तर ते बर्फात रुतते. बाइंडिंग (बूट स्कीला जखडणारी आणि पडल्यास मोकळा करणारी पकड) उडीत सुटू नये म्हणून अनेक जण त्याची सेटिंग स्वतःच वाढवतात, हे मला मुळीच पटत नाही. ती सेटिंग वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, कौशल्य आणि वय पाहून ठरते, आणि पन्नाशीनंतर तर ती एक पायरी खाली आणतात. काठ्यांचे पट्टे मात्र मनगटातून जरूर काढून ठेवा. मी काढले नव्हते. पडताना काठी मुठीतच राहिली, अंगठा बाहेरच्या बाजूला वाकला आणि पुढचे दीड महिने शर्टाचे बटण लावायलाही दुसऱ्याची मदत घ्यावी लागली. हेल्मेटबद्दल वेगळे सांगत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आताच स्की काढून पाहिल्या, मागची टोके सपाटच आहेत. वेगाबद्दलही खरे आहे. तिन्ही वेळा मी जंपच्या आधी नकळत ब्रेक लावला होता. आता भाड्याने ट्विन टिप घेऊन उरलेला हंगाम स्विचला देईन. फक्त एक शंका उरते: उलटे जाताना कोणत्या खांद्यावरून पाहावे?

प्रतिसाद १

दोन्हींवरून आलटून पालटून पाहा. मात्र गिरकी डावीकडे घेणार असाल तर डावा खांदा अधिक घोटा, कारण हवेतली दुसरी अर्धी फेरी तुम्हाला त्याच खांद्यावरून पाहत पूर्ण करायची आहे.