नगरसेवकांच्या आरोग्य अहवालात फोटो हवेत की आकडे?

पाणवठा
आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांनी पावसाळ्याचा 'आरोग्य अहवाल' व्हॉट्सॲपवर पाठवला. धूर फवारणीचे फोटो, शिबिरात रक्तदाब तपासतानाचे फोटो, ड्रेनेज लाइनचं भूमिपूजन आणि शेवटी एक ओळ: 'डेंग्यू, चिकुनगुन्याची परिस्थिती नियंत्रणात आहे, नागरिकांनी घाबरून जाऊ नये.' अख्ख्या अहवालात आजारांबद्दल एकही आकडा नाही.

मुदत संपल्यावर २०२२ पासून मुंबई-पुण्यासकट कितीतरी महापालिकांवर प्रशासक होते, तेव्हा असं काही कळवायलाही कुणी नव्हतं. त्यामुळे अहवाल आला याचं मला मनापासून बरं वाटलं. पण त्यात तीन गोष्टी हव्यातच असं माझं ठाम मत आहे. नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी, कुठे कुठे झाली आणि क्लोरीन किती निघालं. किती घरं तपासली आणि किती ठिकाणी डासांच्या अळ्या सापडल्या. प्रभागात खात्रीचे रुग्ण किती.

फवारणीने फक्त उडणारे डास मरतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी घालते ती पिंपाच्या, कुंडीच्या आतल्या कडेला, पाण्याच्या जरा वर. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी चढलं की आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. शिवाय हा डास घरात, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसतो आणि चावतो दिवसा. गाडी फिरते रस्त्यावर. मग फवारणीच्या फोटोवरून मी नेमकं काय समजायचं?

पाण्याचं तर त्याहून महत्त्वाचं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले आणि संशय पाण्यावर गेला. आपल्या विहिरीत, टाकीत, टँकरमध्ये क्लोरीन आहे की नाही हा प्रश्न लोकांना पडला तो माणसं अतिदक्षता विभागात पोचल्यावर. तो आकडा दर महिन्याला समोर असायला काय हरकत आहे?

कार्यकर्ता
हरकत आहे. नगरसेवकाच्या हातात काय असतं ते आधी बघा. महापालिका कायद्यात अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांचे. आरोग्य अधिकारी, कीटकनाशक विभाग, पाणीपुरवठा, सगळे त्यांच्या हाताखाली. नगरसेवक मागणी करू शकतो, सभागृहात बोलू शकतो, निधी टाकू शकतो. रुग्णांचे आकडे त्याने स्वतःच्या सहीने छापायचे आणि उद्या एक जरी चुकला तर लोक कुणाला धरणार?

आणि फवारणीचं म्हणाल तर पावसाळ्यात आमच्या कार्यालयात सगळ्यात जास्त फोन 'गाडी कधी येणार' हेच विचारायला येतात. लोकांना ती हवी आहे. फोटो टाकला की फोन थांबतात.

पाणवठा
लोकांना गाडी हवी आहे, कारण बाकी काय मागायचं ते त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, त्यात पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्य हे पालिकेचे विषय आहेत. मी नगरसेवकांना स्वतः पाणी तपासायला सांगत नाही. खात्याने तपासलेलं मागून घ्या आणि आमच्यापुढे ठेवा, एवढंच.

चाळकरी
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. आमच्या वस्तीचं नाव मागे अशाच एका यादीत आलं होतं, 'जोखमीचा भाग' म्हणून. दुसऱ्या दिवशी समोरच्या सोसायटीतून बायकांना निरोप गेले, 'आठवडाभर कामाला येऊ नका.' खाडा धरला. ज्यांच्या घरी कुणाला साधी सर्दी नव्हती त्यांचेही पैसे कापले. करोनात पत्रे ठोकून गल्ल्या बंद केल्या होत्या ते आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही.

तुम्ही आकडे म्हणता. आकड्याखाली पत्ता आला की तो आमचाच असतो.

ओपीडी
मी डॉक्टर आहे, खासगीत प्रॅक्टिस करतो. चाळकरी यांच्या मुद्द्यामागे एक तांत्रिक कारण आहे, ते सांगतो.

डेंग्यूचा रुग्ण सरकारी हिशेबात 'खात्रीचा' धरला जातो तो एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीवर. पहिल्या पाचेक दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन) शोधतात, त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं). खासगीत बहुतेकदा पट्टीवरची रॅपिड टेस्ट होते, अर्ध्या तासात निकाल. ती पॉझिटिव्ह आली की रुग्ण 'संशयित' राहतो. खात्री करायची तर नमुना ठरलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि तो दर वेळी जातोच असं नाही. म्हणजे जो माणूस पालिकेच्या दवाखान्यात जातो तो मोजला जातो आणि टॉवरमधला, कॅशलेसवर दाखल झालेला, बऱ्याचदा मोजलाच जात नाही. गल्लीवार यादी काढली तर ती आजार कुठे आहे यापेक्षा सरकारी दवाखान्यात कोण जातं हेच जास्त सांगेल.

म्हणून रुग्णसंख्या अख्ख्या प्रभागाची एकच द्या, संशयित आणि खात्रीचे वेगवेगळे. गल्ली नको. क्लोरीनचे आकडे मात्र ठिकाणासकट द्या. नळाला बदनामी नसते.

आरोग्यसेविका
सर्वेक्षणाला आम्ही जातो, म्हणून लिहिते. वस्तीत दार उघडं असतं. बाई म्हणते, 'या ताई, बघा.' आम्ही पिंपात बॅटरी मारतो. अळी उजेड पडला की वळवळत खाली जाते, तेवढ्यात दिसते. पिंप ओतून, आतली कड घासून घ्यायला सांगतो. घासणं महत्त्वाचं, नुसतं ओतून अंडी जात नाहीत.

मोठ्या सोसायटीत वॉचमन खालीच थांबवतो. 'सेक्रेटरींची परवानगी आणा.' वर गेलो तर 'आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे' म्हणून दार बंद. तिथे फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, बांबूच्या शोभेच्या रोपात, गच्चीतल्या कुंड्यांच्या ताटल्यांत अळ्या असतात. एडिसला स्वच्छ साठलेलं पाणीच लागतं. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण निघाले तेही याच डासामुळे, आणि गरोदर बाईला झिका झाला तर पोटातल्या बाळाला धोका असतो. दार न उघडणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

अहवालात एक रकाना आमच्यासाठी टाका: किती घरांनी तपासणी करू दिली नाही.

रोखठोक
आणि बांधकामांचं काय? लिफ्टच्या खड्ड्यात, तळघरात पावसाळाभर पाणी साठलेलं असतं. पालिका नोटिसा देते, दंड करते. कुठल्या साइटला दिली, वसूल किती झाला, हे जाहीर करायला कुठल्या रुग्णाचं गुपित आड येतं? दंडाची यादी नावासकट लावा.

कार्यकर्ता
दंडाची यादी मी साहेबांपुढे ठेवतो, त्याला माझाही पाठिंबा आहे. पण पाण्याच्या आकड्यांना माझा विरोध कायम आहे. समजा एका नळाला क्लोरीन शून्य निघालं. रात्रीत स्क्रीनशॉट शहरभर फिरतो. बरेचदा तिथे पाइप गळत असतो आणि दुपारपर्यंत दुरुस्त झालेला असतो. दुरुस्तीचा स्क्रीनशॉट कुणी फिरवत नाही. लोक टँकरच्या मागे धावतात, आणि टँकरचं पाणी कोण तपासतं?

ओपीडी
शून्य निघालं तर त्या रात्री लोकांनी पाणी उकळलंच पाहिजे. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळाच्या टोकाला उरलेलं असावं, हा ढोबळ नियम. पुरवठा बंद झाला की पाइपमधला दाब जातो आणि गळतीच्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. तुम्ही म्हणता तो गळका पाइप हाच तर धोका आहे. महिन्याच्या अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी कळवा, आणि दुरुस्त झालं की त्याच ग्रुपवर तेही कळवा. टँकरचा प्रश्न मात्र बरोबर आहे. त्याचीही ओटी टेस्ट त्याच तक्त्यात यायला हवी.

पाणवठा
गल्लीवार रुग्णांची मागणी मी मुळात केलीच नव्हती, आता डॉक्टरांनी कारणही दिलं. २००९ च्या दुरुस्तीने महापालिका कायद्यात क्षेत्रसभा, म्हणजे त्या भागातल्या मतदारांची सभा, आली, अध्यक्ष नगरसेवक. आमच्याकडे ती भरलेली मला आठवत नाही. कार्यकर्ता, ती बोलवा. पाणी, अळ्या, दंड, नाकारलेली तपासणी, हे चार तक्ते तिथे भिंतीवर लावा आणि पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना उत्तर द्यायला बसवा.

चाळकरी
सभेला येईन, तरी अळ्यांच्या तक्त्याला माझा विरोधच आहे. पिंपं कुणाकडे असतात? ज्यांना दिवसाआड तासभर पाणी येतं त्यांच्याकडे. आम्ही हौसेने साठवत नाही. तक्त्यात आमच्या वस्तीपुढे अळ्यांचा आकडा लिहिणार असाल तर शेजारच्या रकान्यात त्या महिन्यात आम्हाला पाणी किती तास आलं तेही लिहा. तो रकाना रिकामा ठेवलात तर आमचं नाव त्या तक्त्यात घालायचं नाही.