शांत रस्त्यांचे ट्रॅक सगळ्यांना वाटावेत का? माझं मत: वाटू नयेत

मंदगती:
गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एकाने माझ्याकडे एका रस्त्याची जीपीएक्स फाइल (जीपीएसने नोंदवलेली वाटेची रेघ, म्हणजेच ट्रॅक) मागितली आणि मी दिली नाही. त्याला राग आला, मलाही दोन दिवस रुखरुख लागून राहिलीय, म्हणून धागा काढतोय.

रस्ता साधाच आहे, दोन खेड्यांच्या मधला, अकरा किलोमीटर. मोटारींना शेजारचा मोठा रस्ता सोयीचा पडतो त्यामुळे इकडे सहसा कुणी फिरकत नाही. डांबराच्या मधोमध गवताची पट्टी उगवलीय. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याच चेनचा आवाज इतका स्वच्छ यायला लागला की एक कडी जाम झालीय हे मला नुसतं ऐकून कळलं, दर फेऱ्याला तेवढीच एक टिक. लोड केलेली सायकल घेऊन दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे?

आता फाइल दिली की काय होतं ते बघा. आजकाल राउट सुचवणारी बरीच अ‍ॅप्स हीटमॅप वापरतात, म्हणजे लोक जिथून जास्त जातात तिथून तुम्हाला पाठवतात. दहा जण गेले की रेघ उजळते, उजळली की अकरावा आपोआप तिकडेच जातो, मग पन्नास जणांचा ग्रुप येतो. घाट सुंदर असेल तर हजार लोक आले तरी सुंदरच राहतो, पण शांत रस्त्याचं तसं नाहीये, तिथे गर्दी आली की ज्यासाठी आलो तेच गेलं. माझं मत, रस्ता शोधायची पद्धत सगळ्यांना शिकवा, तीन संध्याकाळी नकाशावर बसा म्हणावं, तयार रेघ देऊ नका.

पायडलवाली:
पूर्ण असहमत. तुम्हाला तो रस्ता सापडला कारण ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या खुल्या नकाशावर कुणीतरी अनोळखी माणसाने तो काढून ठेवला होता, पृष्ठभाग कसा आहे तेही भरून ठेवलं होतं. २००४ पासून लोक फुकट हे काम करतायत. त्यातून घ्यायचं आणि आपली वेळ आली की मूठ मिटायची, हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे मी एकटी फिरते. एकटीने अनोळखी भागात जाताना मला आधी कुणी गेलंय का, पाणी कुठे मिळतं, फोनची रेंज कुठे जाते, कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात, हे माहीत असणं म्हणजे चैन नाही. तुम्ही म्हणता तीन संध्याकाळी नकाशावर बसा. बसते हो, पण नकाशावर कुत्री दिसत नाहीत.

मंदगती:
कुत्र्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य, याचा विचार मी केला नव्हता. पण ओपनस्ट्रीटमॅप आणि तयार ट्रॅक यात फरक आहे असं मला वाटतं. नकाशा सगळे रस्ते सारखे दाखवतो, निवड माझी मला करावी लागते. ट्रॅक सगळ्यांना एकाच रेघेवर आणून सोडतो.

जुनीचेन:
तयार रेघेला एवढे घाबरता आहात म्हणून एक जुनं उदाहरण देतो. १९७६ साली अमेरिकेत बाइकसेंटेनियल नावाची सायकल सफर झाली, देशाच्या २०० व्या वर्षानिमित्त. ऑरेगनपासून व्हर्जिनियापर्यंत, साडेसहा हजार किलोमीटरच्या वर, मुद्दाम कमी रहदारीचे गावाकडचे रस्ते निवडून आखलेला मार्ग. छापील नकाशे काढले आणि त्या उन्हाळ्यात चार हजारांवर लोक त्यावरून गेले. पुढे ती सफर काढणारी संस्थाच अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन झाली, आणि ट्रान्सअमेरिका ट्रेल नावाने त्या मार्गावर आजही लोक जातात. कॅन्ससमधल्या छोट्या गावांत सायकलवाल्यांना गावच्या बागेत तंबू टाकू देतात, कारण तिथल्या लोकांना माहीत आहे की हे दरवर्षी येणार. रस्ता गुप्त ठेवला असता तर हे नातं झालंच नसतं.

न्यूझीलंडमध्ये ओटागो सेंट्रल रेल ट्रेलचंही तसंच. रेल्वे १९९० मध्ये बंद पडली, त्याच वाटेवर २००० साली सुमारे १५० किलोमीटरची सायकलची वाट पूर्ण झाली. आगगाडीची वाट असल्याने चढ सगळे सौम्य, त्यामुळे कसलेले नसलेले लोकही येतात. रेल्वे गेल्यावर ओस पडत चाललेल्या गावांना त्याचा आधार झाला. तुमच्या शांततेच्या पलीकडे त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनाही काहीतरी पाहिजे असतं.

चढउतार:
मी मंदगतींच्या बाजूने. जुनीचेन, तुमची दोन्ही उदाहरणं सांभाळलेल्या मार्गांची आहेत. मागे संस्था आहे, कुणीतरी नकाशा सुधारतं, वाट दुरुस्त करतं. कुणीतरी चार वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या फाइलला माय-बाप नसतो. मी अशाच एका फाइलवर विसंबून एका ओढ्याशी पोचलो, पूल वाहून गेलेला, संध्याकाळचे साडेपाच, पॅनिअर्स (सायकलच्या बाजूच्या पिशव्या) भरलेले, आणि परत फिरायचं म्हणजे चौदा किलोमीटर चढ. फाइल डाउनलोड केलेल्यांचा आकडा दोनशेच्या पुढे होता आणि एकानेही खाली लिहिलं नव्हतं की पूल नाही. तो चढ मी अंधारात ढकलत चढलो, पुढचा लाइट मिणमिणता, तेव्हापासून आयत्या ट्रॅकवर माझा विश्वास नाही.

नकाशावाला:
मला वाटतं दोन्ही बाजू चुकीच्या शत्रूशी भांडतायत. रस्त्यांची शांतता सायकलवाले घालवत नाहीत, मोटारी घालवतात. कारमधल्या नेव्हिगेशनने मोठ्या रस्त्यावर तुंबलंय म्हणून गाड्या आतल्या अरुंद रस्त्यांवर वळवल्या की संपलं. ब्रिटनच्या नॅशनल सायकल नेटवर्कचं बघा, २०२० साली ते सांभाळणाऱ्या सस्ट्रान्स संस्थेने नेटवर्कचा जवळपास पाव भाग नकाशावरून काढला किंवा वेगळ्या वर्गात टाकला, कारण ते तुकडे सगळ्यांसाठी पुरेसे सुरक्षित राहिले नव्हते. सायकलींची गर्दी झाली म्हणून नाही.

आणि शांत म्हणजे सुरक्षित हेही डोक्यातून काढा. युरोपियन युनियनमध्ये रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त ग्रामीण रस्त्यांवर होतात. दिवसाला चारच गाड्या येतात, पण त्या चारही समोर कुणी नसणार असं धरून येतात. आंधळं वळण, दोन्हीकडे झाडी, आणि तुम्ही आपले चेनचा आवाज ऐकत मधोमध.

म्हणून मी उलटं म्हणतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्ट २००० खाली एखादा रस्ता क्वाएट लेन, म्हणजे शांत रस्ता, म्हणून जाहीर करता येतो. पण अशी मागणी करायला त्या रस्त्यावर चालणारे, सायकल चालवणारे लोक आहेत हे दाखवावं लागणार ना? कुणालाच माहीत नसलेल्या रस्त्यासाठी कोण उभं राहणार? उद्या तुमच्या अकरा किलोमीटरचं रुंदीकरण निघालं तर तुम्ही एकटेच आहात, मंदगती.

मंदगती:
हे वाचून खरंच थांबलो. रुंदीकरणाचा विचार मनात आला होता, पण मी तो ढकलत होतो. तरी एक विचारतो, गर्दीचे दाखले गोळा करायला आधी गर्दी करायची, हे कुठपर्यंत ताणायचं? डॅन्यूबच्या काठचा पासाउ ते व्हिएन्ना मार्ग घ्या, उत्तम सांभाळलेला, तीनशेच्या वर किलोमीटर, मोटारींचा त्रास कमी. पण उन्हाळ्यात तिथे सायकलींच्याच रांगा असतात. मार्ग चांगला आहे, मी कुणालाही जा म्हणेन. पण एकांत हवा असेल तर तो तिथे मिळत नाही.

पायडलवाली:
मग रांग मोडायची युक्ती करा ना, लपवता कशाला. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात ह्यूगो बोलेन नावाच्या खाणीतल्या इंजिनिअरने खाणीतल्या वाटांच्या फाट्यांना नंबर असतात ती कल्पना सायकलला लावली आणि १९९५ साली तिथे नंबरवाल्या चौकांचं जाळं सुरू झालं, पुढे नेदरलँड्समध्येही पसरलं. एकच लांब रेघ नाहीच, नुसते फाटे. चौदावरून बावीसला जा, वाटलं तर सत्तावन्नकडे वळा, ज्याने त्याने आपला दिवस आपला जुळवायचा. सगळी माहिती उघडी, तरी लोक विखुरतात.

शेताकडेचा:
मी या चर्चेत सहसा लिहीत नाही, पण अशा एका रस्त्यावर माझं घर आहे, सायकलही चालवतो, म्हणून दोन्हीकडून बोलतो.

पाच वर्षांपूर्वी महिन्यातून एखादा सायकलवाला यायचा. सामान लादलेला, दमलेला. थांबायचा, पाणी भरून घ्यायचा, कुठून आलात कुठे चाललात असं बोलणं व्हायचं. माझा मुलगा त्यांच्या सायकलींचे गिअर मोजायचा. मग कुणीतरी आमच्या रस्त्याचा ट्रॅक टाकला. आता सुट्टीच्या दिवशी वीस-पंचवीस जणांचे गट येतात, हलक्या सायकली, थांबायला वेळ नाही. वाईट लोक नाहीत. पण पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागे असं अवजार असतं जे रस्त्याच्या दोन्ही कडांच्या बाहेर जातं, मला बाजूला घ्यायला जागाच नसते, आणि वळणावरून अख्खा गट येतो. मी दोनदा इंजिन बंद करून नुसता बसून राहिलो, हात थरथरत होते. आणि गुरांचं फाटक. शंभरातला एक जण उघडं टाकून जातो, पण पूर्वी महिन्याला एकच यायचा तेव्हा तो एक कधी येतच नव्हता.

तरी लपवा असं मी म्हणणार नाही, आमचा रस्ता आता लपणार नाहीच. ट्रॅक टाकणाऱ्याने फाटकाबद्दल एक ओळ लिहिली असती, पेरणी-कापणीच्या दिवसांत गटाने येऊ नका एवढं लिहिलं असतं, तरी मला पुरलं असतं.

नकाशावाला:
+१. आणि मंदगती, एक प्रामाणिक प्रश्न. तुमच्या स्वतःच्या राइड्स अ‍ॅपवर पब्लिक आहेत का? कारण स्ट्राव्हा अ‍ॅपचा हीटमॅप अशाच राइड्समधून बनतो. २०१८ च्या सुरुवातीला त्यात लष्करी तळांच्या आतल्या धावण्याच्या वाटा दिसल्याचं गाजलं होतं. फाइल न देताही तुम्ही रेघ उजळवत असाल.

मंदगती:
आत्ता जाऊन बघितलं. पब्लिक होत्या. तीन वर्षांत त्या रस्त्यावरून एकोणीस वेळा गेलोय, एकोणीसही. हीटमॅपमध्ये सामील व्हायचं सेटिंग बंद केलं.

शेताकडेचा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझ्या रस्त्यावरही सहाव्या किलोमीटरला फाटक आहे, तार गुंडाळून बंद करावं लागतं, आणि ती तार उलटी गुंडाळली की सुटते. हे मला माहीत आहे आणि नुसती रेघ बघून येणाऱ्याला कधीच कळणार नाही. ओळखीच्याला फाइल देत नाही, पण येत्या रविवारी बरोबर चल म्हणून फोन करतोय. फाटक त्यालाच लावायला सांगीन.

पायडलवाली:
चांगलं आहे, पण ज्यांच्या ओळखीत तुम्ही नाही त्यांनी काय करायचं?

मंदगती:
त्याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. कुत्री, पाणी, फाटक आणि पाणी साचणारी जागा एवढं मात्र आज रात्री ओपनस्ट्रीटमॅपवर टाकतोय, रेघ न देता.