स्पितीत रूट निवडताना ग्रेड शेवटी बघा

वर विचारलंय की आपल्या इंदूरचे चौघं जानेवारीत स्पितीला गोठलेले धबधबे चढायला निघालेत, तर गाइडबुकमधली ग्रेड, म्हणजे रूट किती अवघड आहे याचा आकडा, बघून रूट ठरवावा का. माझं ऐकाल तर ग्रेड सगळ्यात शेवटी बघा. खडक वीस वर्षांनीही बहुतेक तसाच सापडतो, बर्फ मात्र दर हिवाळ्यात नव्याने जमतो. पुस्तकातली डब्ल्यूआय ३ (डब्ल्यूआय म्हणजे वॉटर आइस, गोठलेल्या पाण्याच्या चढाईची ग्रेड; आकडा मोठा तितकं अवघड) यंदा पातळ असेल तर ४ पेक्षाही जड जाते. म्हणून स्थानिक गाइडकडून त्याच आठवड्यातला फोटो मागवाच.

पुस्तकात आधी भिंतीचं तोंड कुठे आहे ते शोधा. दक्षिणेकडे असेल तर दुपारी उन्हाने बर्फ सुटतो. वर बर्फाने भरलेली रुंद घळ दिसली, तर रूट कितीही सोपा असो, सोडून द्या. हिमस्खलन तिथूनच खाली येतं. आणि उतरायची वाट ज्या पुस्तकात नीट दिलेली नाही, त्यावर मी तरी विसंबणार नाही.

आइस स्क्रू, म्हणजे दोर अडकवायला बर्फात बसवायची पोकळ नळी, फिरवताना तिच्यातून पांढरी, सलग कांडी बाहेर येत राहिली तर बर्फ घट्ट आहे. मध्येच हात एकदम हलका पडला की आत पोकळी समजा, जागा बदला.

आपण साडेपाचशे मीटरवर राहणारी माणसं, स्पितीतलं मुख्य गाव काझा साडेतीन हजारांच्या वर. पहिले दोन-तीन दिवस चढाई नकोच. मग नेहमीच्या ग्रेडपेक्षा एक पायरी खालचा, रस्त्याजवळचा रूट घ्या.